वही आपली, किल्ली कोणाची?

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा यांपैकी कोणत्याही बाजारपेठेत गेले, तर एक गोष्ट आता सर्रास दिसते. चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक काढून झाले की तोच करंडा घेऊन दुकानदार संगणकाकडे वळतो आणि पडद्याच्या चौकटीलाही कुंकवाचे बोट लावतो. कीर्द आणि खतावणी आता त्या यंत्रात गेली आहे, हे त्याने मनोमन मान्य केल्याची ती खूण आहे. यात आनंद मानावा असे बरेच आहे. मात्र त्याच दुकानदाराला विचारून पाहावे की, हे हिशेबाचे सॉफ्टवेअर कोणाच्या नावावर घेतले आहे, त्याचा परवाना कोठे ठेवला आहे आणि आज रात्री हे यंत्र बंद पडले तर उद्या सकाळी उधारीचे खाते कोठून काढणार? बहुतेक वेळा उत्तर एकच मिळते, ‘ते आमच्या कॉम्प्युटरवाल्याला माहीत!’

पिढ्यान्पिढ्या ज्याने तिजोरीची किल्ली कमरेला बांधली, मुनीम कितीही विश्वासू असला तरी रोजमेळ स्वतः पाहिल्याशिवाय ज्याने दुकानाला कुलूप लावले नाही, त्या व्यापाऱ्याने आपल्या वहीची किल्ली त्रयस्थाच्या खिशात का ठेवावी? सॉफ्टवेअरची खरेदी हे पंखा किंवा वजनकाटा घेण्यासारखे काम आहे, अशी समजूत याच्या मुळाशी आहे. वस्तुतः ती नवी वही घालण्यासारखी गोष्ट आहे आणि वहीबाबतचे आपले सारे जुने शहाणपण तिला लागू पडते.

वहीत दुकानदार एकटा नसतो

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात मृग बरसला की कृषी केंद्रांपुढे गर्दी उसळते. बियाणे, खत, औषध यांतील बराचसा माल उधारीवर जातो आणि कापूस विकला गेल्यावर ती उधारी फिटते. शेतकऱ्याजवळ बहुधा घडी घातलेली एक पावती असते. कधी तीही नसते. पूर्ण हिशेब दुकानाच्या खात्यावर असतो. म्हणजे त्या यंत्रात दुकानदाराच्या पैशाबरोबरच, त्याच्यावर विश्वास टाकून गेलेल्या कित्येक घरांची बाजूही लिहिलेली असते. ते खाते पुसले गेले, तर दुकानदार आठवणीने आकडा सांगणार आणि शेतकरी आठवणीनेच तो नाकारणार. शेतकरी आत्महत्यांचे दुःख ज्या जिल्ह्याने इतकी वर्षे सोसले, तेथे उधारीच्या एका चुकीच्या आकड्याचे मोल काय असते, हे वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. राज्य शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. अशा प्रसंगी डॉक्टरांना औषधाचे नेमके नाव हवे असते, कारण उपचार त्यावर ठरतात; तपास अधिकाऱ्याला बॅच क्रमांक हवा असतो. दोन्ही गोष्टी बिलावर असतात, अर्थात बिल नीट केले असेल तर! ज्या सॉफ्टवेअरमध्ये बॅच क्रमांकाचा आणि मुदत संपण्याच्या तारखेचा रकानाच नाही, ते कितीही स्वस्त असले तरी कृषी केंद्राच्या उपयोगाचे नाही. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हा प्रश्न केवळ दुकानदाराच्या सोयीचा राहत नाही, तो असा.

आधी गरज, मग खरेदी

या विषयात आपल्या देशातील एक उदाहरण फार बोलके आहे. गिरण्या व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरविणारे श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या हिशेबाला साजेसे सॉफ्टवेअर बाजारात सापडेना. त्यांनी आपल्या मुलाला, भरत गोएंका यांना, ते तयार करावयास सांगितले. १९८६ मध्ये बंगळूरु येथे सुरू झालेल्या त्या उद्योगातून आजची ‘टॅली’ उभी राहिली. भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. या कथेचा अभिमान आपण बाळगतोच. तिच्यातील धडा मात्र दुर्लक्षित राहतो. त्या व्यापाऱ्याला आपल्याला काय हवे आहे ते आधी ठाऊक होते.

आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो. विक्रेता येतो, रंगीत पडदे दाखवितो, शेजारच्या दुकानाने घेतल्याचे सांगतो आणि व्यवहार ठरतो. त्याऐवजी मालकाने, घरातील हिशेब पाहणाऱ्या मंडळींना जवळ बसवून, एका कागदावर आपली गरज मराठीत लिहून काढावी. कृषी केंद्राला बॅचनिहाय साठा, मुदतीची सूचना, शेतकरीनिहाय उधारी हवी. खताच्या थेट लाभ हस्तांतरणाची पद्धत मार्च २०१८ पर्यंत देशभर लागू झाली. तेव्हापासून खताची विक्री पॉस यंत्रातून होते. त्या यंत्रातील साठा, सॉफ्टवेअरमधील साठा आणि गोदामातील पोती हे तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. बियाण्यांच्या मागोव्यासाठी केंद्राचे ‘साथी’ पोर्टल २०२३ मध्ये आले, त्याचाही विचार करावा लागतो. जिनिंगवाल्याची गरज निराळी. त्याला कापसाच्या काट्याची पावती, सरकी आणि गाठी यांचा मेळ हवा. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक असेल तर दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला माल विकताना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. किराणा दुकानदाराला यातले काहीच नको असेल. त्याला सुटा माल आणि वाटेकऱ्यांचे खाते पुरेल.

हा कागद हाती आला की विक्रेत्याला काही प्रश्न लेखी विचारावेत. परवाना कोणाच्या नावाने निघणार? तो एका संगणकापुरता आहे की अनेक? दुसऱ्या वर्षापासून दरसाल किती पैसे द्यावे लागतील? कराचे दर बदलले तर नवी आवृत्ती कोण देणार आणि किती दिवसांत? हा शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि ठरावीक जैविक कीटकनाशके १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. रासायनिक कीटकनाशके १८ टक्क्यांवरच राहिली. असा बदल एका रात्रीत करावयाचा असतो. ज्याच्या सॉफ्टवेअरमागे उत्तरदायी माणूस उभा असतो, त्याचे दुकान सकाळी बिले करू लागते. इतरांना कारकुनाकडून एकेक दर हाताने बदलून घ्यावा लागतो आणि चूक झाली की भुर्दंड स्वतः सोसावा लागतो.

आणखी एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ‘उद्या मला हे सॉफ्टवेअर सोडावेसे वाटले, तर माझी माहिती मला कोणत्या स्वरूपात परत मिळेल?’ मराठी माणसाला याचे महत्त्व एका निराळ्या वाटेने कळलेले आहे. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टाइप केलेली पत्रे, संस्थांचे अहवाल, स्मरणिका आज दुसऱ्या संगणकावर उघडल्या तर अगम्य चिन्हांची रांग दिसते. अक्षरे आपली होती, पण ती वाचण्याचे साधन दुसऱ्याच्या हाती होते. हिशेबाचेही असेच होऊ शकते. सारी खाती साध्या तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढून दाखव, असे विक्रेत्याला खरेदीपूर्वीच सांगावे; जो दाखविणार नाही त्याच्याकडून घेऊ नये.

फुकटाची प्रत

यानंतर ज्या विषयावर आपल्यात उघडपणे बोलले जात नाही, त्याकडे वळू. ‘क्रॅक व्हर्जन टाकून देतो, पैसे कशाला घालवता?’ हे वाक्य बाजारपेठेत इतके रुळले आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नाही. जो गृहस्थ ग्राहकाचे सापडलेले पाकीट घरी नेऊन देतो, तोच चोरीच्या प्रतीवर निर्धास्तपणे हिशेब लिहितो. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या घरांनी तर याचा अधिक विचार करावयास हवा. भारतीय माणसाने भारतीय व्यापाऱ्यासाठी घडविलेल्या वस्तूची चोरटी प्रत वापरणे हा स्वदेशीचा कोणता प्रकार म्हणावा?

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३ब नुसार संगणक सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर व्यवसायासाठी नसेल तर न्यायालयाला सौम्य भूमिका घेता येते. दुकानाला ही सवलत मिळणे कठीण.

तथापि कायद्याहून मोठा धोका वेगळाच आहे. परवान्याचे कुलूप तोडणाऱ्याने सॉफ्टवेअरमध्ये आणखी काय घालून ठेवले आहे, ते आपल्याला कळत नाही. शिवाय पकडले जाऊ नये म्हणून अशा यंत्रावरील सुधारणा बंद करून ठेवलेल्या असतात. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक कुलूपबंद केले. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात उपलब्ध झाली होती. ती घेणारे बचावले. विंडोज ७ चे पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. आपल्या गल्ल्यावरील संगणक यांपैकी कशावर चालतो, हे मालकाला ठाऊक असले पाहिजे.

बसवावे केव्हा?

पेरणी वापसा पाहून करतात, तसे सॉफ्टवेअर बसविण्याचेही आहे. कृषी केंद्राने जून-जुलैच्या धांदलीत नवे सॉफ्टवेअर घालणे म्हणजे आपल्या हाताने अडचण ओढवून घेणे होय. त्याच्यासाठी मार्च-एप्रिल योग्य, कारण तेव्हा आर्थिक वर्षही बदलते. जिनिंगचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. त्यांनी हे काम मे महिन्यात उरकावे. कापडाच्या वा किराण्याच्या दुकानाने श्रावण लागण्यापूर्वी.

बसविताना घाई करू नये. जुन्या खात्यांतील शिल्लक नव्यात घेतल्यावर प्रत्येक ग्राहकाची बाकी दोन माणसांनी मिळून ताडून पाहावी. किमान एक महिना जुनी वही आणि नवे सॉफ्टवेअर बरोबरीने चालवावे आणि रोज संध्याकाळी दोन्हींचा गल्ला जुळतो का ते पाहावे. कारकुनाला हा दुहेरी त्रास वाटेल. पण चूक पहिल्या आठवड्यात सापडली तर ती निस्तरता येते, वर्षअखेरीस सापडली तर सल्लागाराकडे धाव घ्यावी लागते. विक्रेत्याचे पूर्ण पैसेही हा महिना संपल्यावरच चुकते करावेत.

किल्ली मालकाच्या हाती

सॉफ्टवेअर बसले की एक स्वतंत्र नोंदवही घालावी, कागदाची. तीत खरेदीची तारीख, बिल क्रमांक, परवान्याचा क्रमांक, तो ज्या ई-मेलवर नोंदविला तो पत्ता, मुदत संपण्याची तारीख, कोणत्या संगणकावर बसविले त्याची खूण आणि दुरुस्तीला येणाऱ्याचा दूरध्वनी लिहावा. ई-मेलचा पत्ता दुकानाचा असावा, बसविणाऱ्याचा नव्हे. सर्वाधिकाराचा पासवर्ड मालकाकडे आणि घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीकडे, बंद लिफाफ्यात. कारकुनाला त्याच्या कामापुरता वेगळा पासवर्ड द्यावा. यात अविश्वास नाही. कोणी काय लिहिले हे स्पष्ट असले की निरपराध माणसावर आळ येत नाही.

ओटीपीचेही तसेच. ई-वे बिल व ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सर्वच करदात्यांना दुहेरी पडताळणी करावी लागते. तो ओटीपी जर सोडून गेलेल्या नोकराच्या मोबाईलवर जात असेल, तर दारात ट्रक भरून उभा राहील आणि बिल निघणार नाही.

सर्वांत महत्त्वाचा बॅकअप. २२ जुलै २०२३ रोजी अतिवृष्टीने यवतमाळ शहरातील वस्त्यांत पाणी शिरले, महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर माणसे अडकून पडली. असे पाणी दुकानात शिरते तेव्हा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातील पेन ड्राइव्ह दोन्ही एकदमच बुडतात. म्हणून एक प्रत दुकानात, दुसरी घरी आणि जमल्यास तिसरी इंटरनेटवरील साठवणीत असावी. केंद्रीय जीएसटी नियमांतील ५७ वा नियमही हेच सांगतो. अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीत नोंदी नष्ट झाल्या तरी त्या वाजवी वेळेत पुन्हा उभ्या करता येतील, अशी प्रत ठेवणे व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे. अधिकाऱ्याने मागितल्यास त्या फायलींचे पासवर्ड देण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. ‘कॉम्प्युटरवाल्याला माहीत’ हे उत्तर तेथे चालणार नाही. वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात, म्हणजे सॉफ्टवेअर बदलले तरी जुनी खाती उघडता आली पाहिजेत. आणि बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान मानू नये. तीन महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. न उघडणारा बॅकअप आणि वाळवी लागलेली वही यांत काही अंतर नाही.

लहान दुकानाला परवडेल का?

‘हे सारे मोठ्यांसाठी ठीक, आमच्या दोन गाळ्यांच्या दुकानाला कसे परवडावे?’ असा प्रश्न येथे उपस्थित होईल आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, वर सांगितलेल्या गोष्टींपैकी निम्म्याहून अधिक गोष्टींना पैसा लागत नाही. गरजेचा कागद, नोंदवही, बंद लिफाफा, घरी ठेवलेली दुसरी प्रत यांना किती खर्च येतो? पत्रे आणि तक्ते यांसाठी ‘लिब्रे ऑफिस’ हे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य आणि पूर्णतः कायदेशीर आहे, त्यात मराठीही चालते. त्यासाठी चोरीची प्रत घेण्याचे काहीच कारण उरत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर भरलेला जीएसटी नियमित करदात्याला इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो. कंपोझिशनमधील दुकानदाराला तो मिळत नाही, हे मात्र किंमत काढताना ध्यानी ठेवावे.

उरलेल्या खर्चावर सहकाराचा उपाय आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये मंजूर केली. ६३ हजार संस्था आणि २,५१६ कोटी रुपये असा तिचा मूळ व्याप होता. यंत्रे, सर्वांना एकच सॉफ्टवेअर, जुन्या नोंदी नव्यात घेणे, माहितीची सुरक्षित साठवण आणि प्रशिक्षण असे तिचे भाग आहेत. म्हणजे गावची सोसायटी संगणकावर आणताना शासनानेही केवळ यंत्र दिले नाही. जे सोसायट्यांसाठी दिल्लीत ठरले, ते एका पेठेतील आठ-दहा दुकानांना आपापसांत ठरविता येणार नाही काय? एकाच विक्रेत्याशी एकत्रित बोलणी केली तर भाव उतरतो, एकच जाणकार माणूस महिन्याकाठी सर्वांकडे फेरी मारू शकतो आणि एकाच्या कारकुनाने शिकलेले दुसऱ्याच्या कारकुनाला शिकविता येते.

येथे कार्यकर्त्यांना मोठे काम आहे. यवतमाळ, पुसद, वणीची कितीतरी मुले-मुली आज पुणे, नागपूर, हैदराबाद येथे याच क्षेत्रात नोकरी करीत आहेत. दिवाळीला वा उन्हाळ्यात ती घरी येतात. त्यांनी सुट्टीतला एक दिवस आपल्या पेठेला द्यावा. दुकानदाराच्या शेजारी बसून त्याची नोंदवही भरून द्यावी, बॅकअप उघडून दाखवावा, परवाना कोणाच्या नावावर आहे ते तपासावे. नवे काही विकायला नको, मोठे भाषण नको. ज्या काकांच्या दुकानातून लहानपणी वही-पेन्सिल घेतली, त्यांना त्यांच्याच हिशेबाची किल्ली परत मिळवून देणे, एवढेच हे काम.

आणि दुकानदार बंधू-भगिनींनी त्या दिवसाची वाट पाहत बसू नये. बाजार बंद असेल त्या वारी एक शंभर पानी वही घ्यावी, पहिल्या पानावर आपल्या दुकानातील प्रत्येक सॉफ्टवेअरचे नाव आणि त्यापुढे परवान्याचा क्रमांक लिहावा. जेथे क्रमांक लिहिता आला नाही, ती ओळ कोरी सोडावी. कामाला सुरुवात त्या कोऱ्या ओळींपासून करावयाची आहे.